उजवं मागचं चाक

वाचून झाल्यावर म्हणाल, या बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. म्हणा. मी स्वतःलाही तेच म्हणून पाहिलंय. पण त्या दिवशी त्या शेडमध्ये आम्ही चौघं होतो आणि चौघांनी पाहिलं. चौघांतला एक जण आता 'मी काही पाहिलं नाही' म्हणतो. त्याचं काय करायचं, तेच मला कळत नाही.

तारीख १५ मे २०२३. सोमवार. वेळ दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.

रात्र नव्हती. अमावस्याबिमावस्या काही नव्हतं. बाहेर सांगलीचं मे महिन्याचं ऊन होतं. डांबर चपलेला चिकटत होतं.

जागा माधवनगर. आमच्या घरामागची, बंद पडलेल्या यंत्रमागाची शेड.

मी दीक्षा. कुपवाडच्या एमआयडीसीत एका टूलरूममध्ये साच्यांची ड्रॉइंग करते. मिलिमीटरच्या शंभर भागांतला एक भाग इकडचा तिकडे झाला तर माझा साचा वाया जातो. म्हणून ही गोष्ट मला जास्त छळते. माझं माप चुकलं असतं, तर मी गप मान्य केलं असतं.

माप चुकलं नव्हतं.

आधी मी काय करते ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी स्लॉट कार बनवते. म्हणजे जुन्या रेसच्या गाड्यांच्या हुबेहूब छोट्या प्रती. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याच्या. लाकडी ट्रॅकवर एक खाच असते. गाडीच्या पोटाखालची पट्टी त्या खाचेत बसते. खाचेच्या दोन्ही कडांना तांब्याच्या पट्ट्या, त्यातून बारा व्होल्टचा करंट. हातात बंदुकीच्या घोड्यासारखा ट्रिगर. दाबला की गाडी पळते, सोडला की थांबते. वळवायचं काही नसतं. वेग तेवढा आपल्या हातात. वळणावर जास्त दाबलं की गाडी खाचेतून उडते.

करंट नाही, तर गाडी नाही. हे लक्षात ठेवा.

शेडमधले माग भंगारात गेले, तेव्हा मी ती जागा भाड्यानं घेतली. स्वतः ट्रॅक बांधला. तीस फुटी सरळ पट्टा, सहा वळणं, चार खाचा. महिन्यातून एका रविवारी सातारा, कोल्हापूर, इचलकरंजीहून सहा-सात जण येतात. रेस लावतो. आमच्यात एकच नियम. गाडी खऱ्या जुन्या गाडीसारखी दिसली पाहिजे. आधी सगळे भिंगातून बघतात, नावं ठेवतात, मगच ती ट्रॅकवर जाते.

बाकीचे सगळे परदेशी गाड्या करतात. त्यांची ड्रॉइंग मिळतात, फोटो मिळतात. मला आपल्याकडची गाडी करायची होती.

आणि माझ्याकडे एक फोटो होता.

वडील गेल्यावर ट्रंकेत सापडलेला. लांब नाकाची, उघडी, एका माणसाची रेसची गाडी. अंगावर ९ आकडा. तारांची चाकं. लष्कराच्या मोडीत काढलेल्या गाड्यांच्या सांगाड्यावर कुणीतरी हातानं पत्रा ठोकून केलेली. पण काय देखणी! गाडीत कुणी बसलेलं नाही. डाव्या बाजूला, मागच्या चाकाशी, हातात तांब्याचा हातोडा घेऊन माझे आजोबा उभे.

आजोबांचं नाव आबा. सगळेच त्यांना आबा म्हणायचे. दुसऱ्या महायुद्धात ते लष्कराच्या मोटार विभागात होते, मेकॅनिक. १९९१ साली गेले, तेव्हा मी सहा वर्षांची होते. त्यांच्याबद्दल मला एकच आठवतं. ते सायकल हातात धरून चालायचे. गिरणीत जाताना, येताना. सायकलवर बसलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नाही.

फोटो आईला दाखवला, तर तिचा चेहरा उतरला.

"ठेव त्यो परत."

"का? आबांची गाडी होती ना ही?"

"त्यांची कशाची? त्यांनी बनवली. पर त्यांची न्हवती. दीक्षे, ती गाडी करू नगंस. दुसरी कर कुठली बी."

"पण का?"

"मला न्हाई ठाव. तुझ्या आबांनी कवा सांगितलं न्हाई आन् मी इचारलं न्हाई. ती गाडी झाली आन् त्यांस्नी गाव सोडायला लागलं, येवढंच मला ठाव."

माझी आई पारूबाई. एकदा गप बसली की बसली. दोन महिने मागे लागले. एक शब्द नाही.

मी गाडी करायला घेतली.

सहा महिने लागले. लाकडाचा ठोकळा कोरून त्यावर पातळ प्लॅस्टिक तापवून बसवलं. पितळी सळ्या जोडून सांगाडा केला. चार चाकं लेथवर कातली आणि प्रत्येकात केसाएवढ्या तारांचे अठ्ठेचाळीस आरे ओवले. एका चाकाला तीन रविवार. डोळ्यांतून पाणी यायचं. आणि एवढं करून अर्धी गाडी अंदाजानं, कारण फोटोत फक्त डावी बाजू दिसत होती. उजवीकडे काय होतं? धुराडं होतं का? चाकाचा नट कसा होता? कोण सांगणार?

मार्चमध्ये एका सोमवारी गाडी पहिल्यांदा ट्रॅकवर ठेवली. आमच्या कंपनीची सुट्टी सोमवारी असते.

सुंदर पळाली. एक फेरी. दोन. तीन.

चौथ्या फेरीत, खिडकीखालच्या वळणावर, उजवं मागचं चाक निघालं.

गाडी कडेला आपटली. चाक घरंगळत गेलं.

होतं असं. चाक धुऱ्याला एका बारक्या स्क्रूनं बसतं, तो सैल राहिला असेल. मी स्क्रू आवळला. पुन्हा लावली.

चौथी फेरी. तेच वळण. तेच चाक.

स्क्रू बदलला. चौथी फेरी.

धुरा बदलला. चौथी फेरी.

दुसऱ्या गाडीचा, दोन वर्षं एकदाही न निघालेला धुरा आणि चाक काढून हिला लावलं. चौथी फेरी… खिडकीखाली… चाक गेलं.

त्या दिवशी मी ट्रिगर भिंतीवर फेकून मारला.

पुढच्या सोमवारी मी चाकाला धुऱ्याशी डाखच देऊन टाकला. आता निघायचं तर धातू तुटायला हवा. चौथ्या फेरीत चाक निघालं. उचलून भिंगातून बघितलं. डाख तुटला नव्हता. तडा नव्हता. चाकाचं भोक आतून स्वच्छ होतं. कधी डाख लावलाच नव्हता, असं.

मी खाली फरशीवर बसून रडले. भीतीनं नाही, रागानं. हे माझं काम आहे हो! वीस वर्षं मी हेच करते!

आणि तेव्हा आवाज आला…

ठक.

ठक.

ठक.

शेडच्या मागच्या टोकाकडून. धातूवर धातू. तीनच.

मला वाटलं शेजारच्या शेडमध्ये काही काम चाललंय. बाहेर जाऊन पाहिलं. शेजारच्या शेडला कुलूप. कुलपावर कोळ्याचं जाळं.

मी हे कुणालाच सांगितलं नाही. काय सांगणार?

एप्रिलमध्ये आई चहा घेऊन शेडच्या दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. आत पाऊल टाकेना.

"एरंडेल कुणी सांडलंय गं?"

"एरंडेल? इथं कुठलं एरंडेल?"

"वास येतोय की. जळक्या एरंडेलाचा."

मी नाक वर केलं. आणि मलाही आला. दाट, गोडसर, जळका वास. सहा महिने त्याच शेडमध्ये बसून मला कधी आला नव्हता… की येत होता आणि मी लक्ष दिलं नव्हतं, ठाऊक नाही.

जुन्या रेसच्या गाड्यांच्या इंजिनात एरंडेल घालायचे. मला ते माहीत होतं. आईला माहीत असण्याचं काही कारणच नव्हतं.

ती चहा दारातच ठेवून गेली. त्यानंतर शेडमध्ये आली नाही.

मग मी ठरवलं. उजवी बाजू सापडल्याशिवाय हे सुटणार नाही. माझं काहीतरी उजव्या बाजूलाच चुकतंय. तेव्हासुद्धा मी मापातच शोधत होते.

फोटोच्या मागे शाईनं लिहिलेलं एक नाव होतं. हिंदुराव. आणि कोरेगावच्या बाजूच्या एका गावाचं नाव. ते गाव मी इथं लिहीत नाही. तिथं विचारत गेले. हिंदुराव म्हणजे गाडीचे मालक, चालवणारेही तेच. बागायतदार घर. ते तर १९५८ सालीच वारले. त्यांचे धाकटे भाऊ सयाजी, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, आता साताऱ्यात राहतात.

साताऱ्याला गेले. दार त्यांच्या नातीनं उघडलं. साक्षी, बावीस-तेवीस वर्षांची, गोड मुलगी. तिनं पाणी दिलं, बसवलं. सुभेदार आले. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, पाठ अजून ताठ.

मी माझ्या गाडीचे मोबाईलवरचे फोटो दाखवले. त्यांचे डोळे भरून आले.

"दादाची गाडी… हुबेहूब दादाची गाडी! कुणी केली ही?"

"मीच. उजव्या बाजूचा फोटो असेल तुमच्याकडे तर…"

"हाय की! हाय. साक्षी, माझी पेटी आण. पर तुला ही गाडी कुठनं ठाव, पोरी?"

"माझे आजोबा होते तुमच्याकडे मेकॅनिक. आबा."

ते उठून उभे राहिले.

"पेटी र्‍हाऊ दे," ते साक्षीला म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "त्या माणसाच्या नातीला मी काय फोटू दाखवू?"

"काय झालं होतं?"

"काय झालं? लढाईच्या वक्ताच्या एका धावपट्टीवर रेस होती. सव्वीस वर्साचा माझा भाऊ. चौथ्या फेरीला उजवं मागचं चाक निघालं. गाडी उलटली. संपलं! का निघालं? तुझ्या आज्यानं नट ठोकला न्हाई. त्याचं कामच त्ये होतं, आन् त्यानं त्येच केलं न्हाई."

मी हातातला पेला खाली ठेवला.

चौथ्या फेरीला. उजवं मागचं.

मी त्यांना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आमी त्याच्या अंगाला हात लावला न्हाई," सुभेदार म्हणत होते. "गाव सोड म्हणालो. येवढंच. दुसरं कुणी असतं तर जित्ता सोडला नसता."

"त्यांनी ठोकला असेल तर?"

"मग चाक निघालं कशानं?"

तोच प्रश्न मी दोन महिने स्वतःला विचारत होते.

फोटो न घेताच परत आले. एसटीत बसून इतका संताप आला होता की सांगता येत नाही. आबांचा राग आला. त्यांनी खरंच चूक केली असेल तर? आणि केली नसेल, तर आयुष्यभर तोंड का उघडलं नाही?

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थांबली.

"सायकलीचं चाक रोज सकाळी आवळायचे," ती म्हणाली. "बसायचे न्हाईत, तरी आवळायचे. रोज. मी नवी नवरी होते, मला वाटायचं म्हातारं येडं हाय. असला माणूस इसरंल व्हय गं नट ठोकायला?"

आबांबद्दल ती माझ्याशी एवढं पहिल्यांदाच बोलली.

दहा दिवसांनी साक्षीचा फोन आला. "ताई, आजोबा झोपत नाहीत. गाडी बघायची म्हणतात. आम्ही सोमवारी येऊ का?"

तो सोमवार म्हणजे १५ मे.

अडीचला ते आले. साक्षीनं गाडी चालवत आणलं त्यांना. सुभेदारांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मी आईला म्हटलं, तू येऊ नकोस. तर ती पदर खोचून आली. महिन्यानंतर पहिल्यांदा शेडमध्ये पाऊल टाकलं तिनं.

सुभेदारांनी गाडी हातात घेतली. फार वेळ बघत राहिले. ९ आकड्यावरून बोट फिरवलं.

"पळीव."

"चाक निघतं," मी म्हणाले. "चौथ्या फेरीत. दर वेळेला."

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी त्यांची चेष्टाच केली.

मी गाडी खाचेत ठेवली. ट्रिगर हातात घेतला.

आणि लाईट गेली.

पंखा थांबला. ट्यूबलाइट विझल्या. ट्रॅकला करंट देणाऱ्या डब्यावरचा लाल दिवा विझला. खिडकीतून ऊन येत होतं, त्यामुळे दिसत सगळं होतं. फक्त आवाज बंद झाले. मी घड्याळ बघितलं. तीन दहा.

"आता थांबावं लागेल," मी म्हणाले आणि ट्रिगर टेबलावर ठेवला.

वास आला.

साक्षीनं नाकाला ओढणी लावली. "कसला वास आहे हा?"

मग…

गाडी हलली.

आधी मला वाटलं, टेबलाला धक्का लागला. पण ती पुढे गेली. हळूहळू. मग वेगानं. मोटरचा आवाज नव्हता. स्लॉट कार पळते तेव्हा बारीक किणकिणते. काही नाही. फक्त लाकडावरून रबराची चाकं फिरल्याची सळसळ.

मी वाकून डब्याचं बटण बंद केलं. वायरच उपटली भिंतीतून. माझ्या हातात वायर होती आणि गाडी पळत होती.

एक फेरी.

साक्षी माझ्या दंडाला धरून उभी होती. तिची नखं रुतत होती.

दोन.

आई हलली नाही. तिचे ओठ तेवढे हलत होते. बुद्धवंदना म्हणत होती की आकडे मोजत होती, कळलं नाही.

तीन.

"थांब," सुभेदार म्हणाले. आधी हळू. मग ओरडून. "थांब! दादा, थांब! थांब रं!"

ठक.

ठक.

ठक.

या वेळी मागच्या टोकाकडून नाही. आमच्या मधोमध. सुभेदारांच्या अगदी पायाशी.

चौथी फेरी. खिडकीखालचं वळण. उजवं मागचं चाक सुटलं. गाडी आडवी झाली आणि जागीच थांबली. चाक ट्रॅकच्या कडेवरून खाली पडलं. फरशीवर उभंच्या उभं घरंगळत सुभेदारांच्या बुटाला येऊन टेकलं.

आडवं पडलं नाही. टेकून उभं राहिलं.

सुभेदार खुर्चीत बसले. शर्टाच्या खिशातून एक फोटो काढला आणि माझ्यापुढे धरला.

उजवी बाजू.

खरं सांगते, लाज वाटते सांगायला. मी आधी धुराडं पाहिलं. सहा महिने मला तेच हवं होतं. धुराडं उजवीकडे होतं, लांब, मागच्या चाकापर्यंत आलेलं. मग मला माणूस दिसला. उजव्या मागच्या चाकाशी गुडघ्यावर बसलेला, सतरा-अठरा वर्षांचा, कॅमेऱ्याकडे बघून हसणारा.

त्याच्या हातात आबांचा तांब्याचा हातोडा होता.

"तुम्ही," मी म्हणाले.

"मला वाटलं नट ढिला हाय," सुभेदार म्हणाले. आवाज एवढासा झाला होता. "दादा तिकडं टिळा लावून घेत हुता. आबा न्हवता. पाण्याला गेलता, लांब, वढ्याला. आमचा माठ हुता तितं. पर माठातलं त्याला… तवा तसंच हुतं, पोरी. मी म्हणलं, चला, आपून बी हात लावू. तीन ठोके घातले. घट्ट कराया. सरळ. घड्याळाच्या काट्यावानी."

मला पुढचं ऐकायची गरज नव्हती. मी याच धंद्यातली आहे. असल्या चाकांना मधोमध एकच मोठा, कानांचा नट असतो, त्या कानांवर हातोड्यानं ठोकून तो आवळतात आणि उजव्या बाजूला त्याचे आटे उलटे असतात. चाक फिरताना नट आपोआप आवळत जावा म्हणून. डावीकडे सरळ ठोकलं की आवळतं. उजवीकडे सरळ ठोकलं…

की सुटतं.

"मला ठाव न्हवतं," ते म्हणाले. "शपत. फौजेत गेलो, तितं एका उस्तादानं शिकवलं. उलटे आटे. तवा समजलं मला."

"कवा?" हे आईनं विचारलं.

त्यांनी फोटो उलटा करून मांडीवर ठेवला.

"आवं, इचारते मी. कोणत्या साली समजलं तुमास्नी?"

"बासष्ट."

आई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. ती कधी कुणासमोर आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही.

"माझा सासरा एक्क्याण्णव सालापतुर जित्ता हुता. सांगलीत. साताऱ्यापास्नं कितीसं लांब हाय वं?"

साक्षी रडत होती.

साडेतीनला लाईट आली. पंखा फिरायला लागला. वास गेला होता.

मी सुभेदारांना म्हटलं, हे तुमच्या गावात सांगा. चार माणसांसमोर. आबांचं नाव घेऊन. तेवढंच. दुसरं आम्हाला काही नको. ते "व्हय" म्हणाले. दोनदा म्हणाले. फोटो मात्र परत खिशात घातला. मी मोबाईलवर काढून घेते म्हटलं, तर म्हणाले, "नंतर. नंतर देतो की."

मी तेव्हाच का नाही हिसकावला?

पंधरा दिवस वाट पाहून फोन केला. सुभेदारांनी स्वतः उचलला.

"कोण दीक्षा?"

मी सांगितलं.

"तुमी काय ऐकलं मला ठाव न्हाई. माझं वय झालंय. ऊन लागलं हुतं मला. मी काय बोललो न्हाई."

"फोटो?"

"कसला फोटू?"

साक्षीला मेसेज केला. दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं. 'ताई, आजोबांनी तो जाळला. सॉरी. घरात हा विषय काढायचा नाही असं सांगितलंय. प्लीज मला परत विचारू नका.'

आई आणि मी त्या गावात गेलो. आबांच्या भावकीतली दोन घरं अजून आहेत तिथं. बाकी गाव म्हणालं, साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचं कशाला उकरता? पुरावा काय? मी काय सांगणार? छोट्या गाडीचं चाक निघतं म्हणून?

आणि तेही आता निघत नाही.

हो. त्या सोमवारपासून चाक निघालेलं नाही. मी चाळीस फेऱ्या सलग मारल्या. मग शंभर. मुद्दाम स्क्रू अर्धा सैल ठेवून मारल्या. चाक धरून राहतं. जूनमधल्या रविवारी रेसमध्येही पळवली. सगळ्यांनी भिंगातून बघून वाहवा केली. मला काडीचाही आनंद झाला नाही. धुराडं मी पाहिलं होतं तसंच करून बसवलंय. बरोबर आहे का, आता कुणालाच विचारता येणार नाही.

आईला वाटतं, शेडमध्ये आबा होते. त्यांना त्यांचं खरं सांगायचं होतं, ते सांगून झालं, म्हणून आता शांत आहे. ती आता रोज शेड झाडायला येते.

मीही बरेच दिवस तसंच धरून चालले होते. पण माझं डोकं मापात चालतं, त्याला मी काय करू? एका दुपारी बसल्या बसल्या मनात आलं आणि तेव्हापासून जात नाही.

आबांना काय कळायचं बाकी होतं? आपण नट ठोकला होता, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सुभेदारांनाही बासष्टपासून माहीत होतं. ज्याला काहीच माहीत नव्हतं, असा एकच माणूस होता. जो टिळा लावून आला, गाडीत बसला आणि चौथ्या फेरीत गेला. आपलं चाक का निघालं, हे न कळता.

मी केलेली गाडी तोच चालवत होता. तेच वळण, तेच चाक, पुन्हा पुन्हा. तो आम्हाला काही सांगत नव्हता. तो विचारत होता.

आणि त्या सोमवारी, माझ्या शेडमध्ये, त्याच्यासमोर, त्याच्या सख्ख्या भावानं उत्तर दिलं.

आता त्याला कळलंय. म्हणून तो माझ्या शेडमध्ये नाही.

साताऱ्याला मी नंतर तीनदा फोन केला. रिंग जाते. कुणी उचलत नाही.